उघडलं कोणी?

“हे उघडलं कोणी?” काउंटरवरच्या टायवाल्याने लॅपटॉप उलटा करून विचारलं. बाई अजून धड खुर्चीत टेकल्याही नव्हत्या.

“मी,” बाई म्हणाल्या. “उघडल्याशिवाय आतलं दिसणार कसं?”

शेजारी बसलेल्या लेकीने मान खाली घातली. आई तीस वर्षं जळक्या मोटरींचं वाइंडिंग करते, हे एरवी ती चारचौघांत कौतुकाने सांगायची. पण या गारेगार, काचेच्या सर्व्हिस सेंटरमध्ये आईचा आवाज तिला दुप्पट मोठा वाटत होता.

लेक घरांचे आराखडे करायची. सोमवारी एका मोठ्या ऑफिसात तिला पडद्यावर अख्खं घर फिरवून दाखवायचं होतं. जमलं तर नोकरी, नाही तर रांगेत पुढचा उमेदवार. आणि लॅपटॉप दर वेळी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर गोठत होता. ग्राफिक्स कार्ड कमी पडतंय, असं ती म्हणाली मात्र, बाई त्याच दुपारी बाजारातून कार्ड घेऊन आल्या. ते निघालं टेबलावरच्या कॉम्प्युटरचं, विटेएवढं, वर दोन पंखे. शर्टाच्या खिशात उशी कोंबण्यातली गत. दुकानदाराने ते परत घेतलं, पण घेताना हसला. मग बाईंनी आपल्या टेबलावर लॅपटॉपच उघडला. आत कार्डबिर्ड काही नव्हतं, बोर्डावर सोल्डर केलेली एक काळी चौकोनी चिप तेवढी होती. ते पाहून बाईंचा जीव भांड्यात पडला. सोल्डर आहे ना, मग सुटणार.

“सील तुटलंय. वॉरंटी जाते अशाने,” टायवाला म्हणाला.

“वॉरंटी संपून दोन वर्षं झाली.”

“तरी उघडायचं नसतं.”

“का? लॅपटॉप कोणाचा?”

त्याने उगाच पडद्यावर पाहून घेतलं. “तुमचाच. पण ही चिप बदलता येत नाही, मॅडम. सोल्डर केलेली असते.”

“अहो, सोल्डर आहे म्हणून तर बदलता येते! गरम केलं की सुटतं ते. माझी हयात गेली त्यात.”

“काकू, त्यापेक्षा नवीन मॉडेल बघा ना. हा आम्ही एक्स्चेंजमध्ये घेऊ.” मॅडमची काकू व्हायला दोन मिनिटं पुरली.

“घेऊन काय करता त्याचं?”

“चुरा.”

“चालू मशीनचा?”

“कंपनीचा नियम आहे.”

एवढ्यात आतल्या दारातून करडा कोट घातलेला टेक्निशियन एक जड खोकं ढकलत बाहेर आला आणि काउंटरलगतच्या बाहेरच्या दाराशी ठेवून पाठ सरळ करू लागला. पन्नाशीचा असेल. त्याच्या बोटांच्या टोकांना भाजल्याचे जुने पांढरे डाग होते. बाईंच्या बोटांनाही तसेच होते. त्यांनी टायवाल्याच्या हातातून लॅपटॉप काढून घेतला, खालचं झाकण उचललं आणि सरळ टेक्निशियनपुढे धरला.

“दादा, तुम्हाला तरी येतं का हो हे?”

टेक्निशियनने वाकून पाहिलं. “येतं की. याच बोर्डावर कंपनी दोन चिपा बसवते, एक साधी, एक दमदार. बाकी बोर्ड तोच. गरम हवेने ही काढायची, ती बसवायची, थोडं सॉफ्टवेअर भरायचं. घरी माझ्या स्वतःच्या लॅपटॉपला केलंय मी.”

“मग करा.”

“परवानगी नाही, ताई. आम्ही अख्खा बोर्ड काढतो आणि अख्खा लावतो. या मॉडेलचे बोर्ड आता येत नाहीत.”

“आणि ती दमदार चिप? ती कुठे मिळते?”

टेक्निशियनची नजर पायाजवळच्या खोक्याकडे गेली.

“यात आहे?”

“सहा-सात असतील,” तो हळूच म्हणाला. “स्क्रीन फुटलेल्या लॅपटॉपमधल्या. चांगल्या आहेत. आता गाडी येईल चुऱ्याला न्यायला.”

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जळकी तारसुद्धा त्या कधी फेकत नसत, सोलून वितळवायला देत. आणि इथे चिप होती, ती बसवणारा होता, जिला हवी ती पोर होती, सगळे हाताच्या अंतरावर. हा कोण टिकोजी मध्ये बसून नाही म्हणणारा?

“पैसे घ्या आणि एक द्या मला,” त्या म्हणाल्या.

“नाही देता येत, काकू. स्क्रॅप विकत नाही आम्ही. आणि तुमच्यामागे लोक थांबलेत.”

“आई, चल ना,” लेक कुजबुजली. “सगळे बघतायत. मी जिना वगळून दाखवेन.”

“जिना वगळून? मग वरच्या मजल्यावर काय उड्या मारत जायचं?”

बाई उठल्या आणि दाराकडे निघाल्या. टायवाल्याने सुटकेचा श्वास सोडला, पुढचा नंबर पुकारला. दाराशी पोचल्यावर बाईंनी हातातली पिशवी खाली ठेवली आणि खोक्यावर ऐसपैस बसल्या.

“गाडीवाल्याला म्हणावं, माझ्यासकट उचल.”

“काकू, असं नाही करता येत!”

“बोलव तुझ्या साहेबाला. त्यालाही विचारते, चुरा कशाचा करतोस म्हणून.”

टायवाल्याने फोन उचलला. रांगेतली माणसं माना वळवून बघत होती. टेक्निशियन आत जायचा तो आतल्या दारातच थबकला. लेकीने सगळ्यांकडे पाहिलं, लाल झाली, लॅपटॉप छातीशी धरून क्षणभर तशीच उभी राहिली. मग खोक्यापाशी आली.

“आई,” ती म्हणाली, “थोडी सरक.”