पुलाअलीकडचा रस्ता

“फुटलं! फुटलंच शेवटी!” बाना चोला ओरडल्या आणि मिनीबसमधले अर्धे लोक दचकून जागे झाले.

त्यांच्या मांडीवर अंड्यांचे सहा ट्रे एकावर एक रचलेले होते. वरच्या ट्रेमधलं अंडं फुटून पिवळा ओघळ त्यांच्या लुगड्यावर आला होता. शेजारच्या कातोंगोनं खिशातून रुमाल काढून पुढे केला. त्याच खिशात त्याचा राजीनामा होता.

“चौदा वर्षं कासामाच्या बाजारात अंडी नेतेय,” बाना चोला लुगडं पुसत म्हणाल्या. “पुलाअलीकडे अंडं फुटलेलं मला आठवत नाही.”

एकोणीस वर्षं कातोंगो याच रस्त्यावर ग्रेडर, म्हणजे पात्यानं रस्ता सारखा करायचं यंत्र, चालवत होता. चिपासो गावापासून नदीच्या पुलापर्यंत बहात्तर किलोमीटर मुरूम. दर पावसाळ्यात रस्ता वाहून जायचा आणि दर उन्हाळ्यात तो पहिल्या किलोमीटरपासून पुन्हा सुरुवात करायचा. पाणी साचू नये म्हणून मधे उंचवटा, दोन्ही कडांना उतार, ओढे जातात तिथं रस्त्याखाली मोऱ्या. पातं किती तिरपं धरायचं, हे त्याला बुडाखालच्या थरथरीवरून कळायचं. पण या वर्षी रस्ता पुन्हा धुऊन निघाला तेव्हा त्याला वाटलं, बास झालं. तोच रस्ता, तीच माती, आणि कुणाला त्याचं काय? तांब्याच्या खाणीतून बोलावणं आलं होतं. तिथं मोठं यंत्र होतं, नवी माणसं होती. एरवी तो ऑफिसच्या जीपमधून कासामाला जायचा. आज राजीनामा द्यायचा, म्हणून मिनीबसनं निघाला होता.

“ग्रेडरवाल्याला ओळखता तुम्ही?” त्यानं विचारलं.

“तोंड कुठं दिसतं त्याचं? सगळा धुळीनं माखलेला. पण माणूस बिघडलाय हो. आजारी असेल, नाहीतर बायकोशी वाजलं असेल.”

ड्रायव्हर हसला. “बाना, रस्ता बघून तुम्हाला त्याच्या घरातली भांडणं कळतात होय?”

“न कळायला काय झालं? पूर्वी मोरी यायच्या आधीपासून तो मुरूम चढवत आणायचा. गाडी कधी मोरीवर चढली आणि कधी उतरली, पत्ता लागायचा नाही. आता मोरीपाशी पातं उचलतो आणि पलीकडे टाकतो. तीन महिने झाले. मन नाही त्याचं कामात.”

“ते मात्र खरंय,” ड्रायव्हर म्हणाला. “मीही आता मोऱ्यांना ब्रेक मारतो.”

कातोंगोला खाणीचं बोलावणं येऊन बरोबर तीन महिने झाले होते. बायकोलासुद्धा त्यानं ते परवाच सांगितलं होतं. मधल्या काळात साहेब दोनदा रस्ता पाहून गेले आणि दोन्ही वेळा ‘काम उत्तम’ असा शेरा मारून गेले.

“पूल आला!” ड्रायव्हरनं हाक दिली.

कुणी कुणाला काही सांगितलं नाही. मागच्या बाईनं पाठीवरचं मूल सोडवून छातीशी घेतलं. एका आजोबांनी दातांची कवळी काढून खिशात घातली. बाना चोलांनी ट्रे मांडीवरून उचलले आणि हातांवर अधांतरी धरले. मग पुलापलीकडचा रस्ता सुरू झाला. पत्रे खडखडू लागले, डोकी छताला लागू लागली. कातोंगोनं न विचारता तीन ट्रे आपल्या हातांवर घेतले. एकतीस किलोमीटर त्यानं ते तसेच धरून ठेवले. खांदे भरून आले. एकोणीस वर्षं या लोकांना आपल्या रस्त्यावर झोप लागत होती, हे त्याला तेव्हा कळलं.

कासामाला उतरून तो ऑफिसात गेला. साहेबांनी खुर्ची दाखवली.

“बसा, बा कातोंगो. खाणीत चाललात असं कानावर आलंय. कधीपासून मोकळं करू?”

“पुलापलीकडचा रस्ता कुणाकडे आहे, साहेब?”

“दोन वर्षं कुणाकडेच नाही. माणूस मिळत नाही. का?”

“मला द्या. पण आठ दिवसांनी. आधी माझ्या मोऱ्या नीट करायच्यात.”

साहेबांनी फाइल उघडून पाहिली. “मोऱ्यांना काय झालंय? मी स्वतः पाहून आलोय. उत्तम आहेत.”

“नाहीत, साहेब,” कातोंगो म्हणाला. “लोकांच्या लक्षात आलंय.”