बारशाचा डास

बारशाला आत्याने गावात पडलेल्या नव्या रीतीप्रमाणे पेल्यातून डास आणला आणि पाळण्यातल्या बाळाच्या पायावर सोडला. डास चावला आणि तिथंच मरून पडला. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

“औषध रक्तात उतरलंय. हिला डेंग्यू व्हायचा नाही,” फवारणी कंपनीचा साहेब म्हणाला. गावातल्या कपाशीवर आणि घरांच्या भिंतींवर त्याचंच औषध होतं.

“ही फक्त माझं दूध पिते,” बाळाची आई प्रणिता म्हणाली. “म्हणजे हे विष मीच पाजलं.”

“विष कसलं ताई, संरक्षण आहे.”

“तुमच्या मुलीच्या बारशाला मेला होता डास?”

“छे, आमच्याकडे मच्छरदाणी लावतात,” घुगऱ्या खाता खाता साहेब सहज बोलून गेला.

प्रणिताने त्याच्या हातातली वाटी काढून घेतली.