पोटात गेली की

नाशिकजवळच्या वायनरीत भिशीच्या बायका सहलीला आल्या होत्या. ग्लास हातात धरून सगळ्यांनी फोटो काढले आणि वाईन तशीच टेबलावर ठेवली. मालनताईंनी मात्र ग्लास तोंडाला लावला.

"पांढरी म्हणजे साखर विसरलेलं पन्हं," त्या म्हणाल्या. गुलाबी त्यांना करवंदासारखी लागली, आवडली. लालच्या घोटाने जीभच आखडली. "कच्चं जांभूळ गं बाई! घाला आणखी."

"मालन, पुरे!" हेमलताने त्यांचा हात धरला. "या दारूनेच तुझा संसार नासवला ना? भाऊजी देवमाणूस होते. पोटात गेली की हात उचलायचे, एवढंच."

मालनताईंनी हात सोडवून घेतला आणि उरलेली लाल संपवली. गाल तापले होते, डोकं हलकं झालं होतं. हेमलता अजून भाऊजींचे गुण गातच होती.

"हेमे, चांगली चढलीय मला," सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या. "आणि तू केव्हाची डोक्यात जातेयस. तरी तुझ्या थोबाडीत मारावीशी वाटली नाही. उगाच दारूला नावं ठेवू नका. मारायचा तो तोच."