दाढेवरचा मणी

मैथिली डबा न खाताच पेंगायला लागली, तेव्हा बालवाडीच्या हेमलताबाई घाबरल्या. चार वर्षांच्या त्या मुलीला मधुमेह होता. सकाळी आईने इन्सुलिन टोचून तिला सोडलं होतं. आता तिचं अंग घामाने गार पडलं होतं.

"हिला साखर हवी," बाई म्हणाल्या.

"पण बाई, हिच्या दाढेला मणी आहे," मदतनीस यमुना म्हणाली.

लहान मुलांना साखर द्यायला बंदी होती, म्हणून तालुक्यातल्या प्रत्येक मुलाच्या दाढेवर तो मणी बसवलेला होता. तोंडात साखर गेली की तो आरोग्य कार्यालयाला कळवायचा, आणि साखर देणारी बालवाडी त्याच दिवशी बंद व्हायची. बाईंनी कार्यालयाला फोन लावला.

"आजारी मुलांना सवलत आहे," पलीकडचा माणूस म्हणाला, "पण डॉक्टरांची परवानगी लागते. ते बैठकीत आहेत. थांबा."

मैथिलीची मान कलंडली.

बाई धावत शेजारच्या चहाच्या टपरीवर गेल्या आणि मूठभर साखर घेऊन आल्या. ओल्या बोटाने ती साखर मैथिलीच्या गालाच्या आतून चोळू लागल्या. मणी लाल झाला. लगेच फोन वाजला.

"साखर कोणी दिली?"

"मी, हेमलता तांडेल. अजून देतेय."

बऱ्याच वेळाने मैथिलीने डोळे उघडले. "आई कधी येणार?" तिने विचारलं.

त्याच संध्याकाळी बालवाडीला सील लागलं. दुसऱ्या दिवशी बाई घरीच होत्या. दारात मैथिलीची आई आली, कडेवर मुलगी आणि काखेत चटई. तिच्यामागे बाकीच्या आया आपापली मुलं घेऊन उभ्या होत्या.

"बाई, कुठे अंथरू?" तिने विचारलं.