प्रशिक्षणाची तारीख

"एआयचं उत्तर स्वतः तपासल्याशिवाय सही करायची नाही," बनारसच्या आमच्या विद्यापीठात साहेब आम्हा कर्मचाऱ्यांना शिकवत होते. माझं डोकं सणकलं. जुलैत एआयने एका मुलीचा वसतिगृहाचा अर्ज फेटाळला, तेव्हा मी तिचे कागद तपासायला मागितले होते. "मशीन गलत नहीं होती, देवयानीजी," म्हणत याच माणसाने माझी सही घेतली. मशीन चुकलं होतं. मुलगी शिक्षण सोडून गाझीपूरला परत गेली. आता उद्यापासून त्या प्रकरणाची चौकशी आहे.

प्रशिक्षण संपल्यावर मी हजेरीच्या कागदावर सही केली आणि आजची तारीख घातली.

साहेबांनी तारीख खोडून कागद परत माझ्याकडे सरकवला.

"जून की डालिए."