सातव्या सेकंदाला

"एवढंच सांगायचं, यंत्राला उत्तर मिळालं नाही. पुढे चकार शब्द नाही," साहेबांनी प्रोग्रामरला बजावलं आणि बाहेर बसलेल्या बाईंना आत बोलावलं.

बाई प्रोग्रामरच्याच वयाच्या होत्या. आठवड्यापूर्वी त्यांचे वडील गेले होते. एकटेच राहायचे.

अशा हजारभर म्हाताऱ्यांच्या घरी भिंतीवर साहेबांच्या कंपनीचं यंत्र असतं. दुपारी ते विचारतं, ठीक आहात ना? हिरवं बटण म्हणजे ठीक, लाल म्हणजे मदत पाठवा. काहीच दाबलं नाही तर माणूस घरी नसेल असं धरून संध्याकाळी पुन्हा विचारायचं; तेव्हाही उत्तर नाही तर मुलाबाळांना फोन करायचा. सगळ्या घरांना एकदमच विचारायचं आणि एकापायी दुसऱ्याला ताटकळत ठेवायचं नाही, हे काम एक सॉफ्टवेअर लायब्ररी, म्हणजे बाहेरून आयता घेतलेला प्रोग्राम, करते. जुनी रखडायची, म्हणून बाईंचे वडील गेले त्याच सकाळी प्रोग्रामरने नवी बसवली. जुनी उत्तरासाठी दोन मिनिटं थांबायची. नवी पाचच सेकंद थांबते; जास्त हवे तर आपण आकडा बदलायचा असतो. तो बदलायचा राहून गेला. तिने तपासलं नव्हतं असं नाही. पण तेव्हा यंत्र तिच्या टेबलावर आणि बटणावर बोट तिचंच. दोन सेकंदांत उत्तर! साहेबांनी पाठसुद्धा थोपटली.

संध्याकाळी निम्म्या घरांच्या मुलाबाळांना फोन गेले तेव्हा चूक कळली. बाईंचे वडील सोडले तर बाकीचे म्हातारे धडधाकट निघाले. शिव्या घालून मोकळे झाले.

तेव्हापासून कोणी हाक मारली की प्रोग्रामर मनात आकडे मोजू लागते. पाच व्हायच्या आत ओ देते.

"मला फोन आला, मी धावत गेले तर बाबा खुर्चीत," बाई म्हणाल्या. "दुपारी डोळा लागला आणि तसेच गेले, असंच ना? तेवढं सांगा. मलाही जरा झोप लागेल."

"अगदी तसंच," साहेब म्हणाले. "पुण्यवान माणूस! असं मरण मागून मिळत नाही."

गप्प बसावं, असं प्रोग्रामरला वाटलं. दोघींनाही झोप लागेल. मग तिला स्वतःचीच चीड आली. तिने स्क्रीन बाईंकडे वळवली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. लाल बटण, सातवा सेकंद. उशिरा आलेलं उत्तर, टाकून दिलं.

"त्यांनी मदत मागितली होती," ती म्हणाली. "यंत्र थांबलं नाही. चूक माझी आहे."

साहेब घाईघाईने काहीतरी बोलू लागले. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

"घरात ते नुसत्या बनियनवर असायचे," बाई हळूच म्हणाल्या. "सापडले तेव्हा अंगात धुतलेला शर्ट होता. गळ्यापर्यंत गुंड्या लावलेल्या. पुढचं दार सताड उघडं. आठवडाभर मी विचार करतेय, बाबा निघाले कुठे होते? ते कुठे निघालेच नव्हते."