बाराव्या घरून तेराव्या घरी

दुपारच्या सामसुमीत कडी लागली. खट्.

निमियानं लाकडी पेटीची कवाडं मिटली होती. आत निळ्या झग्यातली वीतभर मरियामाता. पेटीच्या पाठीवर गावातल्या तीस घरांची यादी चिकटवलेली. एकेका घरी एक दिवस मुक्काम, मग त्या घरच्या बाईनं स्वतः ती पुढच्या घरी पोचवायची. बारावं घर निमियाचं. तेरावं म्हाताऱ्या कासिल्दाचं.

"आज पण केस विंचरणार?" पाच वर्षांच्या नोएलियानं विचारलं.

"आज तर विंचरायचेच. तुझेही. आता तुला प्रार्थना पाठ आहे, तू पण चल."

महिन्यातून एकदाच निमिया इस्त्रीचा झगा घालायची, तो हा दिवस. रीत अशी होती : देणारीनं उंबऱ्याबाहेर पेटी धरून उभं राहायचं, घेणारीनं गुडघे टेकून मातेच्या पायांचं चुंबन घ्यायचं, मग सगळ्यांनी मिळून 'हे आमच्या स्वर्गातील बापा' म्हणायचं.

सात महिन्यांपूर्वी कासिल्दानं बायबलवर हात ठेवून न्यायाधीशाला सांगितलं, की तिची गाय सोडून नेताना तिनं निमियाच्या नवऱ्याला, एलिहियोला पाहिलं. गाय गेली त्या पहाटे एलिहियो निमियाच्या मांडीवर डोकं ठेवून तापानं फणफणत होता. पण बायकोची साक्ष कोण धरतो? त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली. तेव्हापासून कासिल्दा सहा वेळा निमियापुढं गुडघ्यांवर आली होती. आज सातवी.

लाल मातीच्या वाटेनं मायलेकी निघाल्या.

"आई, सकाळी मातेला काय सांगत होतीस?"

"म्हटलं, मी दुबळी आहे. माझ्या हातात काही नाही. जे करायचं ते तूच कर."

"काय करायचं?"

"चल, ऊन लागतंय."

कासिल्दाच्या दारात तिची सून डेल्मिरा उभी होती.

"सासूबाईंचा गुडघा सुजलाय गं. उभ्यानं घेऊ दे ना. मरियामाता काय रागावणार आहे?"

"ती नाही रागावणार," निमिया म्हणाली. "पण रीत आपण का मोडायची?"

"सोड, डेल्मिरा." कासिल्दा काठी टेकत पुढं आली. "बरोबर आहे तिचं."

एक हात चौकटीला, एक काठीला. म्हातारी खाली जायला लागली. निमियाला हाड वाजलेलं ऐकू आलं. तिनं पेटी जराशी खाली धरली. मग आणखी जराशी. कासिल्दा वाकत गेली, वाकत गेली, इतकी की तिचा पांढरा भांग निमियाच्या चपलेच्या वर आला. केस किती विरळ झाले होते. निमियानं सगळं डोळे भरून पाहून घेतलं, घरी गेल्यावर पुन्हा पाहता यावं म्हणून.

प्रार्थना सुरू झाली. निमियाचा आवाज खणखणीत होता. नोएलियाही मान ताठ करून म्हणत होती.

"आमचं रोजचं अन्न आज आम्हांला दे…"

इथं, पुढच्या एका ओळीपुरतं, निमियानं तोंड मिटलं. गेले सात महिने ती इथं मिटतच होती, घरी आणि दारीही. देवाशी खोटं बोलायचं नाही, एवढं तिनं पाळलं होतं.

नोएलिया थांबली नाही. "आणि आम्हांला मोहात पडू देऊ नकोस," ती पुढं गेली. त्याच वेळी खालून म्हातारीचा थकलेला आवाज आला, "जशी आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो, तशी तू आमच्या अपराधांची…"

दोन आवाज एकमेकांवर आपटले. नोएलिया खुदकन हसली.

"आजी, तुम्ही चुकलात."

कासिल्दानं मान वर केली. तिनं पोरीकडं पाहिलं, मग पोरीच्या आईकडं.

"नाही गं बाळा," ती म्हणाली. "हे असतं मध्ये."

नोएलियाचं हसू गेलं. तिनं निमियाचा झगा ओढला.

"आई, मग आपल्या घरी का नसतं?"